दहा मीटरचा ताका, दहा टनांची गाडी

भिवंडी दोन गोष्टी विकते: कापड आणि जागा. नारपोली, पद्मानगरच्या गल्ल्यांत यंत्रमागांची खडखड अजून ऐकू येते. गावाबाहेर पडलात की राहनाळ, वळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे, मानकोली, सोनाळे अशी गावं लागतात. तिथे एकेकाळी भाताची खाचरं होती, आता गोदामांचे गाळे नजर पोचेल तिथवर पसरलेत. मुंबईत माल शिरला की जकात लागायची, म्हणून व्यापाऱ्यांनी तो वेशीबाहेरच उतरवून ठेवायला सुरुवात केली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. गाळे ओस पडतील असं कुणाला वाटलं असेल, तर झालं उलटंच. राज्याराज्यांत करापुरती छोटी गोदामं ठेवायची गरज संपली आणि मोठ्या, मोक्याच्या जागांना भाव आला. अ‍ॅमेझॉनने २०१३ साली भारतात दुकान मांडलं तेव्हा पहिलं मोठं गोदाम इथेच घेतलं होतं. जून २०२५ पासून समृद्धी महामार्गही भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत येऊन टेकलाय.

मागवाला आणि गाळेवाला एकाच गावात राहतात, पण त्यांचं एकमेकांशी कामापुरतंही काही नसतं. एखाद्या गणितज्ञाला दोघांचं काम दाखवा. त्याला दोघांत फरकच दिसणार नाही.

एकाकडे ठरावीक लांबीचा ताका आहे. गिऱ्हाइकांना वेगवेगळ्या लांबीचे तुकडे हवेत. ताके कमीत कमी फोडायचे आणि चिंधी कमीत कमी उरवायची. दुसऱ्याकडे ठरावीक वजन उचलणारी गाडी आहे आणि डॉकवर वेगवेगळ्या वजनाचे नग पडलेत. गाड्या कमीत कमी लावायच्या. ‘मीटर’च्या जागी ‘टन’ लिहा, ‘ताका’च्या जागी ‘गाडी’ लिहा, की एका कामाचा कागद दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडतो. आणि या कोड्यावर गेली कित्येक दशकं जगभरची हुशार डोकी झिजताहेत. मजा म्हणजे त्यातला एक मोठा टप्पा एका मराठी माणसाच्या नावावर आहे. तिथे येऊच.

आधी कोडं हातात घेऊन बघू. गाडी दहा टनांची. नग चार, पाच, सहा आणि पाच टनांचे, याच क्रमाने समोर आले. जो आला तो पहिल्या रिकाम्या जागी चढवायचा, असं ठरवलं तर पहिल्या गाडीत चार आणि पाच जातात. सहा टनांचा नग दुसऱ्या गाडीत, आणि शेवटच्या पाचासाठी तिसरी गाडी बोलवावी लागते. आता हेच नग मोठ्यापासून लहानापर्यंत लावून घ्या: सहा, पाच, पाच, चार. सहा पहिल्या गाडीत, दोन्ही पाच दुसरीत, चार परत पहिलीत. दोन गाड्यांत काम झालं. मोठा माल आधी, छोटा नंतर: हे कुठल्याही हमालाला सांगावं लागत नाही.

म्हणजे कोडं सुटलं? थांबा. आता नग आहेत चार, चार, तीन, तीन, तीन, तीन टनांचे. एकूण वीस टन. मोठा आधी या नियमाने दोन चार पहिल्या गाडीत बसले, आठ टन झाले, उरलेल्या दोन टनांत तीनचा नग मावत नाही. दुसऱ्या गाडीत तीन-तीन-तीन, नऊ टन. आणि शेवटच्या तीन टनांसाठी अख्खी तिसरी गाडी. खरं तर चार-तीन-तीन, चार-तीन-तीन अशा दोन गाड्या काठोकाठ भरल्या असत्या. अनुभवी नियमाने गाडीभर भाडं वाया गेलं.

हा नियम जास्तीत जास्त किती फसवू शकतो, याचा हिशोब पक्का लागलेला आहे. डेव्हिड जॉन्सन यांनी १९७३ मध्ये दाखवलं की गाड्या बऱ्याच असतील तर मोठा-आधी हा नियम उत्तम उत्तराच्या अकरा-नवमांशाच्या फारसा पुढे जात नाही. २००७ मध्ये ग्यॉर्गी दोशा यांनी त्यातला शेवटचा अपूर्णांकही पक्का केला. नव्वद गाड्यांत मावणारा माल या नियमाने वाईटात वाईट म्हणजे एकशे दहा गाड्या घेईल, एकशे अकरावी कधीच लागणार नाही. मला ही गोष्ट फार आवडते. अख्ख्या जगातल्या, अजून कुणी न भरलेल्या, कधीच न भरल्या जाणाऱ्या गाड्यांबद्दलसुद्धा ही हमी आहे.

मग सगळ्या शक्यता तपासून सर्वांत चांगली का निवडू नये? आता तर संगणक आहेत. फक्त वीस नग घ्या आणि त्यांचे वेगवेगळे गट पाडायचे किती प्रकार होतात ते मोजा. उत्तर आहे ५१ लाख कोटींहून जास्त. वीसच नगांचं हे. डॉकवर एका गाडीलाच शेकडो नग लागतात. कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातले रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये एकवीस अवघड कोड्यांची एक यादी मांडली, ती संगणकशास्त्रात आज प्रसिद्ध आहे. त्यातल्या कुठल्याही एका कोड्याला झटपट आणि अचूक सोडवणारी रीत सापडली, तर बाकी सगळ्यांनाही सापडेल. काही आकडे दोन बरोबरीच्या वाट्यांत विभागता येतील का, हे कोडं त्या यादीत आहे. म्हणजे ‘हा माल दोन गाड्यांत काठोकाठ बसेल का?’ एवढा साधा प्रश्नही या जातीतला. अशी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही आणि नसतेच, हेही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

अशा वेळी गणितज्ञ एक चलाखी करतात. खरं कोडं सुटत नाही ना, मग त्याचं थोडं खोटं रूप सोडवायचं आणि तिथून खऱ्याकडे परतायचं. कापायच्या कामाचं गणित लिओनिद कांतोरोविच या रशियन गणितज्ञाने १९३९ मध्येच मांडलं होतं. त्याला पुढे १९७५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण खरी कमाल १९६१ मध्ये झाली, आयबीएममध्ये. पॉल गिलमोर आणि राल्फ गोमोरी यांच्यापुढे कागदाच्या रोलांचा सवाल होता. मोठा रोल कापून वेगवेगळ्या रुंदीचे छोटे रोल काढायचे. कापायच्या तऱ्हा, म्हणजे एका रोलमधून कुठले तुकडे एकत्र काढायचे याचे प्रकार, इतके की त्यांची यादी लिहायलाच आयुष्य पुरणार नाही. त्यांनी काय केलं? यादी लिहिलीच नाही.

आपल्याच उदाहरणावर बघा, फक्त टनांचे मीटर करू. ताका दहा मीटरचा, तुकडे हवेत दोन चार-मीटरी आणि चार तीन-मीटरी. सुरुवातीला दोनच तऱ्हा ठाऊक आहेत असं समजा: एका ताक्यातून दोन चार-मीटरी काढायचे, किंवा तीन तीन-मीटरी काढायचे. या दोनच तऱ्हा माहीत असताना एका चार-मीटरी तुकड्याची किंमत किती? अर्धा ताका. तीन-मीटरीची? एक-तृतीयांश ताका. आता या किमती धरून स्वतःलाच विचारायचं: दहा मीटरांत जास्तीत जास्त किती किमतीचे तुकडे बसतील? एक चार-मीटरी आणि दोन तीन-मीटरी, बरोब्बर दहा मीटर. त्यांची किंमत अर्धा अधिक दोन-तृतीयांश, म्हणजे एका ताक्याहून जास्त. एका ताक्याच्या कापडातून ताक्याहून जास्त किमतीचा माल निघतोय! ही नवी तऱ्हा यादीत घ्यायची, किमती नव्याने मांडायच्या, पुन्हा तोच प्रश्न विचारायचा. ज्या क्षणी एका ताक्याहून महाग तऱ्हा सापडेनाशी होते, तिथे थांबायचं. न लिहिलेल्या अब्जावधी तऱ्हांना हातही न लावता त्या सगळ्यांची परीक्षा झालेली असते. तुकड्यांच्या किमती बाजाराने ठरवल्या नाहीत, त्या कोड्यातूनच उगवल्या, आणि तरी कुठली तऱ्हा कामाची हे त्याच अचूक सांगतात.

यात एक खोट आहे, आणि पुढची सगळी गंमत त्या खोटीमुळेच आहे. हे गणित कधी कधी सांगतं, ‘ही तऱ्हा अडीच वेळा वापरा, ती अर्धी वेळा.’ पाच-पाच टनांचे तीन नग असतील तर ते दीड गाडी लावायला सांगेल. दीड गाडी कुठल्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे मिळते? अर्ध्यांचे पूर्ण करायला गेलं की गाड्या वाढतात. किती वाढतात?

इथे करमरकर येतात. नरेंद्र करमरकर हे आयआयटी मुंबईचे १९७८ सालचे विद्यार्थी. पुढे ते बर्कलीला गेले आणि याच रिचर्ड कार्प यांच्या हाताखाली त्यांनी पीएच. डी. केली. १९८२ मध्ये गुरु-शिष्यांनी मिळून एक निबंध वाचला. त्यातली रीत सांगते त्या गाड्या आणि सर्वोत्तम उत्तराच्या गाड्या यांतला फरक फार तर गाड्यांच्या लॉगॅरिदमच्या वर्गाइतका असतो. हे कोरडं वाटेल, म्हणून असं बघा: मालाच्या हजार गाड्यांऐवजी दहा लाख गाड्या झाल्या, धंदा हजारपट वाढला, तर फरकाची कमाल मर्यादा वाढते फक्त चौपट. मोठा-आधी नियमात ती मर्यादा धंद्याबरोबर हजारपट वाढली असती. सैलपणा गाड्यांच्या मानाने जवळजवळ वाढतच नाही.

त्या निबंधात अपूर्णांकांचं कोडं सोडवायला वापरलेली रीत कागदावर देखणी होती, पण प्रत्यक्षात अतिशय संथ. दोनच वर्षांनी, १९८४ मध्ये, अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये असताना करमरकरांनी अशा कोड्यांसाठी स्वतःची नवी रीत काढली. तोवरची वापरातली रीत उत्तरांच्या बहुमितीय खड्याच्या कडाकडांनी फिरत जायची. करमरकरांची रीत त्या खड्याच्या आतून, पोटातून वाट काढते. ती वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गेली. आज विमानांची वेळापत्रकं, विजेची वाटणी, मालवाहतूक यांची गणितं सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरांमध्ये त्या घराण्यातल्या रीती चालतात. आपल्याकडे करमरकरांचं नाव त्यामानाने कमी घेतलं जातं, हे मला नेहमी खटकतं. आणि जे घेतात ते १९८४ साठी घेतात. १९८२ चा गाड्या भरण्याचा निबंध सहसा कुणी सांगत नाही.

त्या निबंधातली मर्यादा एकतीस वर्षं कुणाला हलवता आली नाही. २०१३ मध्ये थॉमस रोथफॉस यांनी ती हलवली, आणि त्यासाठी त्यांनी हत्यार आणलं ते भलत्याच शाखेतून. त्या शाखेचा सवाल असा: काही वस्तू आहेत आणि त्यांच्या एकमेकींत गुंतलेल्या अनेक याद्या आहेत. प्रत्येक वस्तूला लाल किंवा निळा रंग द्या, असा की प्रत्येक यादीत लाल-निळे जवळजवळ समसमान यावेत. नाणं उडवून रंग दिले तर कुठल्या ना कुठल्या यादीत तोल चांगलाच बिघडतो. जोएल स्पेन्सर यांनी १९८५ मध्ये सिद्ध केलं की नाण्यापेक्षा नक्कीच चांगली रंगवणूक असतेच. पण ती कुठे आहे हे त्यांच्या सिद्धतेतून कळत नव्हतं. अस्तित्वाचा दाखला होता, पत्ता नव्हता. तो पत्ता काढायची झटपट रीत २०१० मध्ये निखिल बन्सल यांनी दिली. तेही आयआयटी मुंबईचेच, १९९९ चे.

रंगांचा गाड्यांशी काय संबंध? अर्ध्या-अर्ध्या तऱ्हा आठवा. प्रत्येक अर्ध्याचा एकतर पूर्ण करायचा नाहीतर शून्य. पूर्ण म्हणजे लाल, शून्य म्हणजे निळा. आणि प्रत्येक प्रकारच्या नगाची एकूण बेरीज बिघडता कामा नये, म्हणजे त्या नगाच्या यादीत लाल-निळे समसमान हवेत. तेच कोडं! बन्सल यांच्यानंतर सुधारत गेलेल्या रंगवणुकीच्या रीती रोथफॉस यांनी गाड्यांना लावल्या. पुढे त्यांनी आणि रेबेका होबर्ग यांनी मर्यादा आणखी घट्ट केली: आता गाड्या हजारपट झाल्या तर फरकाची मर्यादा चौपट नव्हे, दुप्पटच होते. रंगवणुकीची शाखाही थांबलेली नाही. १९९८ पासून अडून बसलेली तिथली एक मर्यादा २०२५ मध्ये बन्सल आणि हाओतियान जियांग यांनी मोडली. पवईच्या आयआयटीतून निघालेली ही वाट ठाण्याची खाडी ओलांडून भिवंडीच्या डॉकवर कशी पोचते, याचा माग काढत बसलं की तासन्‌तास कसे जातात कळत नाही.

एवढं सगळं करताना आपण एक सोय गृहीत धरली: सगळे नग आधीच माहीत आहेत. मानकोलीच्या गाळ्यावर संध्याकाळी उभे राहा, ही सोय कुणालाच नसते. बिल्ट्या येत राहतात, टेम्पो मागे लागत राहतात, पट्ट्यावरून खोकी येत राहतात. हातात आलेलं खोकं आत्ताच ठेवायचं असतं, पुढचं कुठलं येणार याचा पत्ता नसताना. या ‘येईल तसं’ प्रकारात निसर्गच हात आखडतो. पुढचं न बघणारी कुठलीही रीत, कितीही हुशार असो, सर्वोत्तम उत्तराच्या १.५४ पटीच्या आत राहण्याची हमी देऊच शकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. आजच्या सर्वांत चांगल्या रीतीची हमी आहे सुमारे १.५८ पट. १.५४ आणि १.५८ यांच्यामधल्या फटीत सध्या काही लोक चरितार्थ चालवताहेत.

हमी वाईटात वाईट दिवसाची असते. रोजच्या दिवसाला काय चालतं? पूर्वापार नियम असा, की नग मावेल अशा गाड्यांपैकी जिच्यात तो ठेवल्यावर सर्वांत कमी जागा उरेल, तिच्यात ठेवायचा. कुणालाही पटेल. डिसेंबर २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडच्या मंडळींनी ‘नेचर’मध्ये ‘फनसर्च’ नावाचं काम छापलं. त्यांनी एका भाषा-मॉडेलला या नियमाचा छोटासा प्रोग्राम दिला आणि सुधारून लिहायला सांगितलं. मॉडेल लाखोंनी प्रोग्राम लिहीत गेलं, त्यातले बहुतेक टाकाऊ. दुसरं एक यंत्र प्रत्येकाला नगांच्या यादीवर चालवून गुण देत गेलं, आणि जे चांगले निघाले ते मॉडेलला परत दाखवत गेलं. बऱ्याच फेऱ्यांनंतर जो नियम उरला त्याने पूर्वापार नियमाला मागे टाकलं. आणि तो वाचता येण्याजोगा होता. त्याचा मथितार्थ असा: नग अगदी घट्ट बसत असेल तरच तो अरुंद जागेत घाल. थोडीशी फट उरणार असेल तर ऐसपैस गाडीत टाक. कारण छोट्या फटी पुन्हा कधीच भरत नाहीत.

समजा एका गाडीत पाच टनांची जागा उरलीय, दुसरीत नऊ टनांची, आणि हातात चार टनांचा नग आहे. जुना नियम पहिल्या गाडीत घालतो आणि एक टनाची निरुपयोगी जागा मागे ठेवतो. नवा दुसरीत घालतो: पहिलीत पाच तशीच, दुसरीतही पाच. दोन्ही जागा कामाच्या.

खऱ्या गाडीत अर्थात एवढ्यावर भागत नाही. खोक्याला लांबी-रुंदी-उंची असते. काचेचं सामान खाली जात नाही. नाशिकला उतरायचं ते दाराशी, नागपूरचं आत. वजन एका चाकावर आलं तर गाडी झुकते. प्रत्येक अटीने कोडं आणखी कडू होतं, आणि हमाल त्या सगळ्या अटी एकाच वेळी, पाठीवर खोकं असताना, तीन-चार सेकंदांत सोडवतो. यंत्रांच्या बाबतीत क्रम बोलका आहे: आधी उतरवणारी आली. बोस्टन डायनॅमिक्सचा ‘स्ट्रेच’ हा यंत्रमानव कंटेनरमधली खोकी काढतो, २०२३ पासून तो डीएचएलच्या गोदामांत काम करतो. भरणाऱ्या यंत्राचे प्रयोग फेडएक्सने डेक्स्टेरिटी या कंपनीबरोबर त्याच वर्षी उघड केले. उतरवताना समोर दिसेल ते उचलायचं असतं. भरताना न दिसणाऱ्या खोक्यांसाठी जागा राखायची असते.

आता शेवटची, मला सर्वांत चक्रावणारी गोष्ट. गिलमोर-गोमोरींचं ते अपूर्णांकी उत्तर घ्या, दीड गाडी वगैरे. ते वरच्या पूर्ण आकड्याला न्या, दीडचे दोन. तिथून खऱ्या सर्वोत्तम उत्तरापर्यंत किती अंतर असू शकतं? सिद्ध झालेलं इतकंच, की ते होबर्ग-रोथफॉस यांच्या मर्यादेत आहे, आणि ती मर्यादा गाड्यांबरोबर हळूहळू का होईना, वाढत जाते. पण प्रत्यक्षात लोकांनी मुद्दाम आडमुठ्या याद्या बनवून, संगणकांना जुंपून, जेवढी उदाहरणं तपासली, त्या प्रत्येकात अंतर फार तर एका गाडीचं निघालं. दोन गाड्यांचं एकदाही नाही. गुंट्राम शाइटहाउअर आणि योहानेस टेर्नो यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस असा कयासच मांडला, की एकाहून जास्त अंतर पडतच नसावं. तो अजून कयासच आहे. भिवंडीतल्या कुठल्याही गाळ्यावर, कुठल्याही संध्याकाळी, पडलेल्या नगांची यादी ही त्या कयासाची नवी चाचणी आहे; ज्याला दोन गाड्यांचा फरक पाडणारी यादी सापडेल, त्याला ती छापायला जगातली कुठलीही पत्रिका नाही म्हणणार नाही.